चोर आधीच ओळखला, मग पुस्तकात उरलं काय?

प्रश्न: लहानपणी जिची पारायणं केली ती एक रहस्यकादंबरी चाळिशीत पुन्हा वाचली. एका लहानशा वस्तीतले पाळीव प्राणी एकामागून एक नाहीसे होतात. आधी मांजर, मग पोपट, मग कुत्रा. चार मुलं सुट्टीत त्यांचा छडा लावतात. या वेळी तिसऱ्या प्रकरणातच चोर लक्षात आला: इनामाची जाहिरात स्वतःच्या खर्चाने लावणारा तो हसतमुख गृहस्थ. मुलं कुणाला न सांगता रात्री घराबाहेर पडतात, तेही खटकलं. वस्तीच्या टोकाला एकटा राहणाऱ्या भंगारवाल्यावर संशय घेतला जातो. त्याच्याशी सगळे ज्या तऱ्हेने वागतात ते तर वाचवेना. शेवटी मुलं त्याला एक पिल्लू भेट देतात आणि सगळं गोड होतं. तरीही कुत्रा घरी परततो त्या पानावर रडू आलं. पुस्तक मुळातच कच्चं होतं का? आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावं का?

उत्तर:

मुलांसाठीच्या रहस्यकथांची हस्तलिखितं तपासणं, लेखकांबरोबर बसून त्यांवर काम करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. पुस्तक कच्चं नव्हतं. तुम्ही ते आता वेगळ्या जागेवरून वाचलंत. चोर आधी कळणं हा तुमच्या तक्रारींतला सर्वांत किरकोळ मुद्दा, भंगारवाल्याचं प्रकरण सर्वांत गंभीर, आणि रडू आलं ते पान या पुस्तकाचा खरा गाभा आहे.

आधी चोराचं बघू. मुलांच्या कादंबरीत मोठी माणसं मोजकीच असतात. आई-वडील, एखादी मावशी किंवा आजी, एक पोलीस, एक दुकानदार, एक तुसडा शेजारी, आणि आणखी एखादा. या 'आणखी एखाद्या'ला लेखकाने नाव दिलेलं असतं, चेहरा दिलेला असतो, पण कथेत काम मात्र दिलेलं नसतं. अनुभवी वाचक नकळत हिशेब मांडतो: याला इथे आणलाय कशाला? हिशेब सुटला की चोर सापडला. शिवाय मोठ्या माणसाला व्यवहार कळतो. तीन प्राणी आवाज न होता हलवायचे तर वाहन लागतं, आडबाजूची जागा लागते, रोजचं खाणंपिणं लागतं. हे सगळं कुणाकडे आहे एवढं पाहिलं तरी भंगारवाला यादीतून बाद होतो आणि हसतमुख, इनामाची जाहिरात स्वतःच्या खर्चाने लावणारा गृहस्थ तेवढा उरतो.

नऊ वर्षांचं मूल असं वाचत नाही, कारण त्याच्या हातात एक नवंकोरं हत्यार नुकतंच आलेलं असतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीसुद्धा समजूत असू शकते हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमजू लागतं. हाइंझ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये लपवलेल्या चॉकलेटच्या साध्या गोष्टीवरून ते दाखवलं होतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'आपल्याला अमुक वाटावं, असं त्याला वाटतंय' हे ओळखणं. ही पायरी सहा-सात-आठच्या सुमाराला चढली जाते. गोड बोलून संशय दुसऱ्यावर ढकलणारा माणूस समजून घ्यायला हीच पायरी लागते. म्हणून या वयात रहस्यकथांचं वेड लागतं. तुम्हाला जो बनाव पारदर्शक वाटला, तो तुमच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच उलगडायला मिळणार आहे. तिसऱ्या प्रकरणात तिच्या कानात चोराचं नाव सांगू नका, एवढीच माझी विनंती.

चोर माहीत असल्याने मजा जाते का, याचंही उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी वाचकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा किंचित जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. पुढच्या काही प्रयोगांत उलटे निकालही आले, त्यामुळे हा काही नियम म्हणता येणार नाही. पण मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा का मागतात हे ज्याने पाहिलंय त्याला या निकालाचं आश्चर्य वाटत नाही. तुम्हीही पारायणं केलीत ती चोर कोण हे विसरून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. हार चोरीला गेला की गोष्ट 'कुणी नेला?' या प्रश्नाभोवती फिरते. हार डबीत असतो, तो शेवटच्या प्रकरणापर्यंत निवांत वाट पाहू शकतो. प्राणी वाट पाहू शकत नाही. त्याला आज पाणी लागतं. हस्तलिखित छापायला जाण्यापूर्वी मी मुलांच्या लहान गटाला त्यातली प्रकरणं वाचून दाखवते. प्राणी हरवल्याच्या गोष्टीत मुलं चोराबद्दल विचारण्याआधी जे विचारतात ते असं: "त्याला तिथे पाणी कोण देत असेल?" "त्याला कळलं असेल का की आपण त्याला शोधतोय?" दुसरा प्रश्न ऐकल्यावर मी लेखकाला सांगते की याचं उत्तर पुस्तकात कुठेतरी यायलाच हवं.

या गोष्टींमधलं रहस्य 'कोण'पेक्षा 'कुठे आणि कोणत्या अवस्थेत' याचं असतं. तुमचं पुस्तक पुन्हा उघडा आणि फक्त एक गोष्ट शोधा: नाहीशा झालेल्या प्राण्यांपैकी निदान एक जिवंत आहे याची पहिली खूण कोणत्या पानावर येते? कुंपणाच्या तारेत अडकलेला केसांचा पुंजका, बंद शेडमधून आलेलं दबकं भुंकणं, फेकलेल्या कचऱ्यात खाद्याची रिकामी पिशवी. जाणता लेखक ही खूण पुस्तकाचा पहिला एक-तृतीयांश भाग संपण्याच्या आसपास ठेवतो. त्याहून लवकर आली तर धाकधूकच राहत नाही. फार उशिरा आली तर संवेदनशील मूल पुस्तक मिटून टाकतं आणि ते का मिटलं हे कुणाला सांगत नाही. माझ्या अनुभवात मुलांनी अर्धवट सोडलेल्या रहस्यकथांमध्ये अशा पुस्तकांचा भरणा मोठा असतो.

तुमच्या रडण्याचं कारणही इथेच आहे. दहाव्या वर्षी तुम्ही त्या चार मुलांबरोबर झुडपामागे बसला होतात. आता तुम्ही दारात उभ्या असलेल्या मालकिणीच्या जागी आहात, जिने अंगणातलं पाण्याचं भांडं रोज विसळून भरून ठेवलंय. असं एखादं वाक्य बहुतेक चांगल्या पुस्तकांत सापडतं, एका ओळीचं, पटकन निसटून जाणारं. लहानपणी ते डोळ्यांखालून गेलं तरी मनात शिरत नाही. ते लेखकाने मोठ्यांसाठी लिहिलेलं असतं असं मला वाटत नाही. गोष्ट खरी व्हायची तर ते तिथे असावंच लागतं.

मोठेपणी वाचताना आणखी एक पडदा सरकतो. लहानपणी चोर हा नुसता 'वाईट माणूस' असतो. प्राणी चोरून तो करणार काय, हा प्रश्न आपण सोडून देतो. लेखकांनी मात्र तो धंदा हवेतून काढलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये श्रीमंतांचे कुत्रे पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या होत्या, इतक्या की १८४५ मध्ये ब्रिटिश संसदेला कुत्र्यांच्या चोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. तोवर तिथल्या जुन्या कायद्यात कुत्रा ही चोरीला जाऊ शकणारी मालमत्ताच धरली जात नव्हती.

कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा फ्लश नावाचा स्पॅनिअल जातीचा कुत्रा अशा टोळीने तीन वेळा पळवला. तिसऱ्या वेळी, सप्टेंबर १८४६ मध्ये, वडिलांनी खंडणी द्यायला विरोध केला. ज्याच्याशी त्या लवकरच गुपचूप लग्न करणार होत्या त्या रॉबर्ट ब्राउनिंग यांचंही मत असंच होतं: पैसे दिले की चोरांना बळ मिळतं. एलिझाबेथना ते तत्त्व म्हणून कळत होतं, पण कुत्रा त्या माणसांच्या हातात होता. वर्षानुवर्षं आजारपणामुळे खोलीबाहेर क्वचित पडणारी ही बाई गाडी करून थेट टोळीच्या म्होरक्याच्या वस्तीत गेली. शेवटी पैसे देऊनच फ्लश परत आला, आणि काही दिवसांतच तो त्या नव्या जोडप्याबरोबर इटलीला निघाला. मुलांच्या पुस्तकांत इनामाची जाहिरात लागते, मग प्राणी 'सापडवून' देणारा उपकारकर्ता उगवतो, तो सगळा साचा याच खंडणीच्या धंद्याचा सौम्य अवतार आहे. तुमच्या पुस्तकातला तो हसतमुख गृहस्थही याच वंशातला. आणि ब्राउनिंग-बॅरेट यांचा वाद एका ओळीत तरी पुस्तकात आला असेल, घरचे मोठे 'पैसे देऊ नका' म्हणतात आणि मूल आपला गल्ला फोडतं अशा रूपात, तर त्या लेखकाबद्दल माझं मत लगेच वर जातं.

दुसरा धंदा याहून काळा. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री घराजवळून नाहीशी झाली. प्राणी-दलालांच्या हातून फिरत ती न्यू यॉर्कमधल्या एका रुग्णालयात पोचली आणि तिथे प्रयोगात मेली; घरचे शोधत होते तोवर सगळं संपलं होतं. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने कुत्र्यांच्या दलालांकडची भीषण अवस्था छायाचित्रांतून छापली. लोक खवळले आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रयोगशाळांसाठीच्या प्राण्यांबाबतच्या कायद्यावर सही केली. त्यात दलालांना परवाना सक्तीचा झाला. पुस्तकात 'प्रयोगशाळेला विकणार होते' असं एखादं ओझरतं वाक्य आलं की लहान वाचकाला ते गुळगुळीत वाटतं. मोठ्या वाचकाला त्यामागे काय आहे ते दिसतं. मुलीने विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात, आणि त्यातून कायदा झाला हेही सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला अर्धसत्यापेक्षा असं उत्तर सोसतं.

याच संदर्भात एक ताजी गोष्ट. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडसाठी २०२४ मध्ये पाळीव प्राण्यांच्या अपहरणाचा स्वतंत्र कायदा आला. कुत्रा किंवा मांजर पळवल्यास कमाल पाच वर्षांची शिक्षा. सायकल चोरणं आणि मांजर चोरणं एकाच मापाने मोजू नये, हा त्यामागचा विचार. मुलांच्या पुस्तकांनी हा फरक पहिल्यापासून गृहीत धरलाय.

मग सगळे प्राणी सुखरूप परत येतात हे खोटं नाही का, असं मोठे वाचक विचारतात. मला तसं वाटत नाही. या वयासाठीच्या पुस्तकात प्राणी मारण्याची गरज नाही. पण काहीच न झाल्यासारखा शेवट मी चालवून घेत नाही. परत आलेलं मांजर पलंगाखाली जाऊन बसतं आणि दोन-तीन दिवस बाहेर येत नाही. अनोळखी जागी, घाबरलेलं असताना मांजर आवाज न करता लपतं. धन्याने हाका मारल्या तरी कित्येकदा उत्तर देत नाही. कुत्रा दार वाजलं की दचकतो किंवा माणसाच्या पायांना चिकटून राहतो. एवढं एक पान असलं की वाचणाऱ्या मुलाला कळतं, त्या प्राण्यावरही हे सगळं गुदरलं होतं. मेजवानी, इनाम, वर्तमानपत्रातला फोटो यांवर चार पानं आणि परतलेल्या प्राण्यावर दोन ओळी, असं असेल तर लेखकाला प्राणी फक्त निमित्त म्हणून हवा होता.

प्राण्याबद्दलचं ज्ञान ही माझी आवडती कसोटी आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. रात्री कुत्रा भुंकला नाही म्हणजे येणारा ओळखीचा होता, हा धागा आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९२ मध्ये शेरलॉक होम्सच्या एका कथेत वापरला आणि त्यानंतर तो इतका वापरला गेला की आता लेखकाने हात जोडून बाजूला ठेवावा. पोपटाने चोराचं वाक्य म्हणून दाखवणंही तसंच. पोपट बहुधा पुन्हा पुन्हा कानावर पडलेले शब्द उचलतात. एकदाच ऐकलेलं लांबलचक कबुलीचं वाक्य जसंच्या तसं म्हणणारा पोपट लेखकाच्या सोयीसाठी जन्मलेला असतो.

याउलट सयामी मांजर घ्या. तिच्या अंगातला रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) उबेत नीट काम करत नाही, थंडाव्यात करतं. म्हणून कान, तोंड, पंजे, शेपूट हे थंड भाग गडद असतात आणि अंग फिकट. पिल्लं जन्मतात ती जवळजवळ पांढरीच, कारण आईच्या पोटात ऊब असते. अशा मांजरीच्या पाठीवरचे केस काढले तर तिथे नवे केस बरेचदा गडद येतात, आणि ती काही आठवडे थंड तळघरात राहिली तर तिचा रंगच थोडा गडद होतो, काळवंडतो. विचार करा, 'हे आमचं मांजर नव्हेच, आमचं फिकट होतं' असं मालकीणच म्हणते आणि मुलांपैकी एकाला खरं कारण माहीत असतं. असा धागा आधी कुठेतरी, पशुवैद्याच्या तोंडी, सहज पेरला असेल तर शेवटी वाचकाला न्याय मिळतो. उत्तर त्याच्या समोरच होतं, त्याने ते पाहिलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या लेखकांना मी हे उदाहरण देते, आणि सांगते की ज्या प्राण्यावर लिहायचंय त्याच्याबरोबर आधी राहा.

जुनं पुस्तक आजच्या मुलाला पटेल का, आता तर प्राण्यांना मायक्रोचिप असते, असंही मला विचारतात. ही चिप म्हणजे कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी. तिला बॅटरी नसते. ती प्राणी कुठे आहे हे सांगत नाही. वाचक-यंत्र अगदी जवळ धरलं की फक्त एक क्रमांक देते, बहुतेक ठिकाणी पंधरा आकडी. म्हणजे कुणीतरी तपासेपर्यंत चोरलेला प्राणी चोरलेलाच राहतो, आणि तुमच्या पुस्तकाचं कथानक आजही मोडत नाही. बदलतो तो पुरावा. जुन्या पुस्तकांत शेवटी 'हा माझाच' हे सिद्ध करायला कानामागचा व्रण किंवा पंजावरचा ठिपका लागायचा, फक्त मालकाला ठाऊक असलेला.

पुराव्यावरून तुमच्या रात्री बाहेर पडण्याच्या आक्षेपाकडे येते, आणि त्यावर फार वेळ घालवत नाही. मोठी माणसं बाजूला गेल्याशिवाय मुलांची साहसकथा सुरूच होत नाही. एरिख केस्टनर यांच्या १९२९ च्या 'एमिल आणि गुप्तहेर'मध्येही मुलं आपणहून बर्लिनभर चोराचा पाठलाग करतात. पण तिथे शेवट पाहा: चोरलेल्या नोटांना टाचणीची भोकं आहेत ही गोष्ट बँकेत, मोठ्या माणसांसमोर सिद्ध होते. मुलांनी शोधलं आणि मोठ्यांनी मान्य केलं, हे दोन्ही झालं की मला पुरतं. तुमच्या पुस्तकात मुलं चोराला स्वतःच डांबून ठेवत असतील तर मुलीशी बोला. नुसती कंदील घेऊन बागेपर्यंत जात असतील तर जाऊ द्या. मुलांना पुस्तकातलं धाडस आणि आपल्या घराचं दार यांतला फरक चांगला कळतो.

आता भंगारवाला. इथे तुमचं खटकणं अगदी बरोबर आहे आणि ते मी अजिबात सौम्य करणार नाही.

जुन्या रहस्यकथांत संशयिताची जागा ठरलेली होती: भटका, परका, गरीब, व्यंग असलेला, एकटा राहणारा. कारण उघड आहे. अशा माणसावर संशय घेतला तर वाचक 'का?' असं विचारत नाही, आणि लेखकाचं काम फुकटात होतं. पण हीच युक्ती दोन अगदी वेगळ्या हेतूंनी वापरता येते. एका प्रकारच्या पुस्तकात संशय लेखकाचाच असतो. त्या माणसाचे कपडे, वास, दात यांचं वर्णन निवेदक स्वतःच्या आवाजात करतो आणि शेवटी तो निर्दोष निघाला तरी ते वर्णन तसंच राहतं. दुसऱ्या प्रकारात लेखक वाचकासाठी सापळा लावतो: वाईट बोलणं पात्रांच्या तोंडी असतं, निवेदक मात्र मध्येच असं काही दाखवतो जे त्या बोलण्यात बसत नाही. त्याच्या दाराशी दोन वाट्या ठेवलेल्या असतात, एक मोठी, एक लहान. मुलं त्यावरून धडधडीत चुकीचा निष्कर्ष काढतात. नीट वाचणाऱ्याला तिथेच शंका येते की चोर कधी वाट्या दारात ठेवेल का.

तुमचं पुस्तक यांपैकी कोणतं, हे तपासायला पुस्तकभर जायची गरज नाही. ज्या प्रकरणात मुलं त्याच्यावर पहिल्यांदा आरोप करतात ते काढा आणि पाहा की त्याला स्वतःचं एक पूर्ण वाक्य बोलायला मिळतं का. मग शेवटचं प्रकरण काढा. तिथे माफी कोण मागतं, आणि मागताना त्याला काही किंमत पडते का? मुलं त्याला पिल्लू भेट देतात असं तुम्ही लिहिलंत. हा शेवट मला वर्षानुवर्षं हस्तलिखितांत भेटतो आणि मी तो दर वेळी परत पाठवते. पिल्लू दिलं की देणाऱ्यांना बरं वाटतं. घेणाऱ्याला कुणी विचारतच नाही की गेले पंधरा दिवस वस्तीतलं कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं ते कसं गेलं, किंवा मुळात त्याला पिल्लू हवंय का. लेखकाला मी एक पान नव्याने लिहायला सांगते: मुलं रिकाम्या हातांनी त्याच्या दाराशी जातात. भेटवस्तू नाही, मोठं माणूस बरोबर नाही. काय बोलतात ते लिही. बहुतेक लेखकांना हे पान अख्ख्या पुस्तकात सर्वांत अवघड जातं. जमलं की संबंध पुस्तकाची उंची बदलते, अगदी आधीची प्रकरणं जशीच्या तशी ठेवली तरी.

म्हणून मुलीला पुस्तक द्या, पण हा भाग एकटीने वाचायला सोडू नका. आरोपाचं प्रकरण संपलं की थांबा. उपदेश नको. विचारा, "तो आता घरी जाऊन काय करत असेल?" मुलं यावर विचारपूर्वक आणि कधी कधी फार कडक उत्तरं देतात. तिचं उत्तर पुस्तकातल्या मुलांपेक्षा वेगळं निघालं तर ते तसंच राहू द्या. वाचून झाल्यावर पिल्लाच्या जागी तिला काय लिहावंसं वाटतं तेही विचारता येईल. पुष्कळ मुलांना शेवट बदलायला मनापासून आवडतं आणि त्यात पुस्तकाचा अपमान नसतो.

एकच वेळ अशी आहे जेव्हा मी हे पुस्तक कपाटातच ठेवायला सांगेन. घरातलं किंवा मैत्रिणीचं मांजर, कुत्रा सध्या हरवलेला असेल तर नको. या पुस्तकात सगळे परत येतात. ज्या मुलाचा प्राणी परत आलेला नाही त्याला वाटतं, पुस्तकातल्या मुलांनी नीट शोधलं, आपण नीट शोधलं नाही. हे अपराधीपण मुलं बोलून दाखवत नाहीत. काही महिने जाऊ द्यात.

आवृत्ती निवडताना जुनी हाताशी असेल तर तीच घ्या. काही प्रकाशक नव्या आवृत्त्यांत खटकणारे शब्द काढतात. शिवीवजा, कुणाला थेट दुखावणारा शब्द गेला तर माझी हरकत नाही. पण संशयाची सगळी धारच घासून टाकली की आरोपाचं प्रकरण पोकळ होतं आणि माफीला अर्थ उरत नाही. नुसती भाषा 'आजची' करण्याचा प्रयोगही सहज यशस्वी होत नाही: एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेच्या पाच मित्रांच्या ('फेमस फाइव्ह') मालिकेची भाषा २०१० मध्ये आधुनिक केली गेली, वाचकांना ती रुचली नाही आणि २०१६ मध्ये मूळ मजकुराकडे परत जायचं ठरलं. तुमची लहानपणची प्रत जपलेली असेल, कडेला पेन्सिलीच्या खुणा असतील, तर त्या खोडू नका. तुम्ही त्या वयात कुणावर संशय घेतला होता ते मुलीला नक्की बघायचं असेल.